उसन्या आज्ञावलीचा हिशेब

पुण्याहून निघून दापोडी ओलांडली की जी उद्योगनगरी सुरू होते आणि पिंपरी, आकुर्डी, भोसरी, चिखली करीत थेट चाकणपर्यंत पसरत जाते, ती परवान्यांच्या शाळेत शिकून मोठी झालेली नगरी आहे. टाटांच्या टेल्कोने १९५४ साली जर्मनीच्या डेम्लर-बेंझ कंपनीशी पंधरा वर्षांचा करार केला आणि जमशेदपुरात मालमोटारी बांधावयास घेतल्या. १९६९ साली तो करार संपला, तेव्हा गाडीच्या दर्शनी भागावरील तीन आऱ्यांचा तारा उतरला आणि त्या जागी टाटांचे 'टी' हे अक्षर आले. पण करार संपण्याच्या तीन वर्षे आधीच, १९६६ साली, कंपनीने पुण्यात स्वतःचे अभियांत्रिकी संशोधन केंद्र उभे केले होते. आकुर्डीत बजाजने इटलीच्या पिआजिओच्या परवान्यावर स्कूटर बनवली. १९७१ साली त्या परवान्याची मुदत संपली, नूतनीकरण झाले नाही आणि १९७२ साली 'चेतक' बाजारात आली. दुसऱ्याचे ज्ञान घ्यावे, त्याच्या अटी पाळाव्यात, आणि त्या अवधीत आपले ज्ञान उभे करावे, हा या मातीतील उद्योगाचा जुना शिरस्ता आहे.

स्वतःच्या हक्काच्या बाबतीतही हा पट्टा कधी गाफील राहिला नाही. दोन स्पार्क प्लगच्या इंजिनाचे आपले पेटंट जपण्यासाठी बजाजने २००७ साली टीव्हीएस कंपनीशी न्यायालयीन झुंज आरंभली. मद्रास उच्च न्यायालयात सुरू झालेला तो वाद २००९ साली सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. आपल्या बुद्धीच्या कमाईला जो एवढा जपतो, त्याने दुसऱ्याच्या बुद्धीच्या कमाईचाही तेवढाच मान राखला पाहिजे. आज या न्यायाची कसोटी लागत आहे ती पोलाद-पितळेच्या बाबतीत नाही, तर डोळ्यांना न दिसणाऱ्या संगणकीय आज्ञावलीच्या बाबतीत.

मोटार आता केवळ यंत्र राहिलेली नाही. चालकासमोरचा पडदा, वेगाचा काटा, ब्रेकचे नियंत्रण, विजेच्या गाडीतील बॅटरीचे व्यवस्थापन या प्रत्येक ठिकाणी आज्ञावली आहे. ती सर्वस्वी एका कंपनीने लिहिलेली असते, असा समज असेल तर तो भाबडा आहे. तिचा मोठा भाग 'मुक्त स्रोत' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या जागतिक भांडारातून आलेला असतो. मोटारींसाठी लिनक्सचा सामायिक पाया घडवणारा 'ऑटोमोटिव्ह ग्रेड लिनक्स' हा प्रकल्प २०१२ साली सुरू झाला. त्यात टोयोटा होती आणि २००८ पासून टाटांच्या मालकीची असलेली जग्वार लँड रोव्हरही होती. चाकणमध्ये तयार होणाऱ्या एखाद्या महागड्या गाडीच्या पडद्यावरील माहितीच्या पानांत शोधले, तर परवान्यांची लांबलचक यादी सापडते. ही यादी कोणी हौसेने दिलेली नाही. ती कायद्याने आलेली अट आहे.

ही अट कुठून आली, हे नीट समजून घेणे अगत्याचे आहे. अमेरिकेतील संगणकतज्ज्ञ रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ साली ग्नू प्रकल्पाची घोषणा केली. आज्ञावली वाचण्याचे, बदलण्याचे आणि वाटण्याचे स्वातंत्र्य वापरणाऱ्याला असावे, हा त्यामागील विचार होता. त्यासाठी १९८९ साली 'जनरल पब्लिक लायसन्स', अर्थात जीपीएल हा परवाना तयार झाला. त्याची दुसरी आवृत्ती १९९१ साली व तिसरी २००७ साली आली. लिनस टोरवाल्ड्स या फिनलंडमधील विद्यार्थ्याने १९९१ साली लिहावयास घेतलेला लिनक्सचा गाभा १९९२ पासून याच परवान्याखाली आहे. यातील मर्म असे की, लेखकाने स्वामित्वहक्क सोडलेला नसतो. उलट त्या हक्काच्या बळावरच तो सांगतो की, हे घ्या, वापरा, सुधारा. पण पुढे कोणाला द्याल तर हेच स्वातंत्र्य त्यालाही द्या आणि मूळ आज्ञावली त्याच्यापासून लपवू नका.

सर्वच परवाने इतके कडक नसतात. एमआयटी व बीएसडी या परवान्यांची मागणी माफक असते: मूळ लेखकाचे नाव आणि परवान्याचा मजकूर कायम ठेवा, एवढेच. अपाची परवाना त्यात पेटंटविषयीच्या अटींची भर घालतो. एलजीपीएल हा परवाना इतरांच्या बंद आज्ञावलीशी जोडणीस मुभा देतो, पण मुक्त भाग ग्राहकाला बदलता आला पाहिजे असे सांगतो. जीपीएलच्या तिसऱ्या आवृत्तीने आणखी पुढे जाऊन ग्राहकोपयोगी उपकरणात बदललेली आज्ञावली बसवण्याची माहितीही द्यावी असे बंधन घातले. म्हणूनच सुरक्षेसाठी गाडीची आज्ञावली कुलूपबंद ठेवणारे मोटार उत्पादक त्या आवृत्तीपासून दूर राहतात. हे परवाने एकमेकांशी नेहमी जुळतातच असेही नाही. फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनच्या मते अपाचीची दुसरी आवृत्ती जीपीएलच्या तिसऱ्या आवृत्तीशी जुळते, दुसरीशी मात्र जुळत नाही. दोन चांगल्या गोष्टी एकत्र केल्याने वैध वस्तू तयार होतेच असे नाही, ही गोष्ट औषधांच्या मिश्रणात जशी खरी, तशीच येथेही. आणि ज्या आज्ञावलीला कोणताच परवाना जोडलेला नाही, ती तर मुळीच मोकळी नसते. ती महाजालावर उघडी दिसते म्हणून उचलावी, हा रस्त्याकडेला उभी असलेली सायकल घेऊन जाण्याचा प्रकार झाला.

भोसरी-चाकणच्या छोट्या कारखानदाराला याच्याशी काय कर्तव्य, असा प्रश्न कोणी विचारील. कर्तव्य आहे, आणि ते फार जवळचे आहे. समजा, भोसरीतील पंचवीस-तीस माणसांचा एखादा कारखाना गाडीची जागा दाखवणारे उपकरण बनवतो. त्यातील चिप परदेशी असते. चिपबरोबर लिनक्सवर आधारित आज्ञावलीचा गठ्ठा येतो. त्यावर काम करणारा कंत्राटदार वेगळा, संपर्काचा भाग लिहिणारा आणखी वेगळा. हे सारे एका डबीत बंद होऊन मोठ्या कंपनीच्या दारात जाते आणि तेथून परदेशी. या साखळीत एकानेही परवान्यांची नोंद पुढे दिली नसेल, तर शेवटी जबाबदार कोण? डबीवर ज्याचे नाव, तो. जीपीएलच्या दुसऱ्या आवृत्तीप्रमाणे उपकरणाबरोबर मूळ आज्ञावली द्यावी लागते, अथवा किमान तीन वर्षे ती मागेल त्याला देऊ, असे लेखी आश्वासन द्यावे लागते. ज्याला स्वतःच्या डबीत काय आहे हेच ठाऊक नाही, तो हे आश्वासन कशाच्या बळावर देणार? आणि अट मोडली की त्या परवान्याखालील वापराचा हक्कच संपुष्टात येतो.

ही भीती काल्पनिक नाही. अमेरिकेतील लिंक्सिस कंपनीचा एक राउटर २००३ साली फार गाजला. त्याच वर्षी सिस्को या बलाढ्य कंपनीने लिंक्सिस विकत घेतली होती. राउटरमध्ये लिनक्स आहे, पण मूळ आज्ञावली दिलेली नाही, हे तज्ज्ञांनी उघड केले. ती आज्ञावली लिंक्सिसने स्वतः लिहिलीच नव्हती. ती चिप बनवणाऱ्या ब्रॉडकॉमकडून आली होती आणि ब्रॉडकॉमनेही ते काम बाहेर दिले होते. तरीही उत्तर द्यावे लागले ते लिंक्सिस आणि सिस्कोला. मूळ आज्ञावली खुली करावी लागली. पुढे २००८ च्या डिसेंबरात फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनने सिस्कोवर दावा गुदरला आणि २००९ साली समेट झाला, तेव्हा परवान्यांच्या पालनासाठी स्वतंत्र अधिकारी नेमण्याचे बंधन कंपनीने स्वीकारले. जर्मनीत म्युनिकच्या न्यायालयाने २००४ साली लिनक्समधील एका भागाचे लेखक हेराल्ड वेल्टे यांच्या बाजूने निर्णय देऊन जीपीएल बंधनकारक मानला. अमेरिकेत २००८ साली खेळण्यातील रेल्वे चालवणाऱ्या एका आज्ञावलीच्या खटल्यात वरिष्ठ न्यायालयाने स्पष्ट केले की, मोफत दिलेल्या आज्ञावलीच्या अटी मोडणे हा स्वामित्वहक्काचाच भंग ठरू शकतो. मोटारींच्या क्षेत्रात टेस्लासारख्या कंपनीलाही बराच काळ टीका सोसल्यानंतर २०१८ साली आपल्या गाड्यांतील मुक्त आज्ञावलीचा काही भाग खुला करावा लागला.

भारतातही कायदा मुका नाही. १९५७ च्या स्वामित्वहक्क कायद्यानुसार संगणकीय आज्ञावली ही 'साहित्यकृती' आहे. तिची बेकायदा प्रत जाणूनबुजून वापरणाऱ्यास कलम ६३-ब अन्वये सात दिवसांपासून तीन वर्षांपर्यंत कैद आणि पन्नास हजारांपासून दोन लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. पण छोट्या उद्योजकाला खरा धाक तुरुंगाचा नाही, तर मागणी हातची जाण्याचा आहे. युरोपीय संघाने २०२४ साली केलेल्या सायबर सुरक्षा कायद्याची मुख्य बंधने ११ डिसेंबर २०२७ पासून लागू होत आहेत. त्याखाली येणाऱ्या उत्पादनाच्या निर्मात्याला आज्ञावलीतील घटकांची यादी ठेवावी लागेल. मोटारींना वेगळे नियम असल्याने त्या या कायद्याबाहेर आहेत. पण पंपाचे नियंत्रक, संवेदक, राउटर अशा ज्या शेकडो वस्तू छोटे कारखाने बनवतात, त्या त्याच्या कक्षेत येऊ शकतात. आपल्याकडे सर्ट-इन या केंद्रीय संस्थेनेही २०२४ च्या ऑक्टोबरात अशा यादीविषयी तांत्रिक मार्गदर्शिका प्रसिद्ध केली आहे. परवान्याची माहिती हा अशा यादीचाच एक रकाना आहे. ज्याच्याकडे यादी नाही, त्याचे दार उद्या कोणी ठोठावणार नाही.

आतापर्यंत विचार झाला तो दुसऱ्याची आज्ञावली आपल्या मालात वापरण्याचा. पण आपल्या कंपन्यांनी, महाविद्यालयांनी, सरकारी संस्थांनी आपली आज्ञावली मुक्त स्रोत म्हणून जगापुढे ठेवावयाची ठरवली, तर हा प्रश्न आणखी बिकट होतो. कारण आपल्या घरातील वस्तू दान करता येते, उसनी आणलेली नाही. नेटस्केप कंपनीने १९९८ साली आपला ब्राउझर खुला केला, तेव्हा त्यात इतरांच्या मालकीचे पंचाहत्तरहून अधिक भाग असल्याचे आढळले. प्रत्येक मालकाला विचारावे लागले. कोणी संमती दिली, कोणाचा भाग काढून टाकावा लागला. सांकेतिक संरक्षणाची आज्ञावली तर अमेरिकेच्या निर्यात नियमांमुळे वगळावीच लागली. सन कंपनीने २००७ साली जावा खुली केली, तेव्हाही अक्षरे रेखाटणारा भाग दुसऱ्याच्या मालकीचा निघाला. असे अडकलेले भाग बदलण्यात पुढे बराच काळ गेला. जगातील नामांकित कंपन्यांची ही गत, तर जेथे कामाच्या घाईत कोठलाही तुकडा कोठूनही आणून चिकटवला जातो, तेथे काय होईल?

हा विषय मराठी भाषेच्याही दारापर्यंत येऊन पोहोचलेला आहे. रेड हॅट कंपनीने २००४ साली भारतीय लिप्यांसाठी 'लोहित' हे टंक जीपीएलखाली मोकळे केले आणि कंपनीच्या पुण्यातील अभियंत्यांनी ते पुढे सांभाळले. पण टंक हा दस्तऐवजात जडवला जातो. मग टंकाचा परवाना त्या दस्तऐवजालाही चिकटतो का, असा पेच जीपीएलखालील टंकांबाबत निर्माण होतो. त्यासाठी जीपीएलला खास अपवाद जोडण्याची पद्धत पडली. लोहित टंक तर २०११ साली टंकांसाठीच रचलेल्या 'ओपन फॉन्ट लायसन्स' या परवान्याखाली आणण्यात आले. अक्षरे तीच राहिली, पण योग्य परवाना मिळाल्यामुळे ती निर्धास्तपणे वापरता येऊ लागली.

या साऱ्यातून स्वदेशीच्या विचाराला एक कठोर प्रश्न सामोरा येतो. २०२० साली सीमेवरील तणावाच्या काळात चिनी टिकटॉकला भारतीय पर्याय म्हणून 'मित्रों' नावाचे अॅप लक्षावधी लोकांनी उतरवून घेतले. थोड्याच दिवसांत वृत्त आले की, त्याची आज्ञावली पाकिस्तानातील क्यूबॉक्सस या कंपनीने ३४ डॉलरला विकलेली होती. विक्री रीतसर होती. त्या कंपनीचा आक्षेप होता तो फारसा बदल न करता तिला भारतीय निर्मिती म्हणवण्याला. ज्यांनी मोठ्या भावनेने ते अॅप घेतले, त्यांच्या मनाला काय वाटले असेल? परकी आज्ञावली वापरण्यात कमीपणा नाही. टेल्कोने आणि बजाजनेही आरंभ तसाच केला होता. कमीपणा आहे तो तिच्यावरील नाव पुसून आपले नाव घालण्यात. स्वदेशीचा शिक्का हा गुणवत्तेचा शिक्का व्हावयाचा असेल, तर त्याखालचा हिशेब आरशासारखा स्वच्छ हवा.

पिंपरी आणि चाकण यांच्या आसपासच देहू आणि आळंदी आहेत, हे येथे आठवते. तुकोबांचा अभंग कोणीही म्हणावा, त्याला चाल लावावी, कीर्तनात निरूपणासाठी घ्यावा. त्यासाठी कोणाला दाम मोजावे लागत नाहीत. पण त्यातील तुकोबांची नाममुद्रा काढून कोणी स्वतःची घातली, तर वारकरी ते क्षणभरही सहन करणार नाही. ज्ञानेश्वरीच्या प्रती करताना पाठांत भेसळ झाली, तेव्हा एकनाथ महाराजांनी शके १५०६ मध्ये ती शुद्ध केली आणि यापुढे कोणी त्यात आपली ओवी घुसडू नये, असे बजावून ठेवले. मुक्तपणे वाटावे, कर्त्याचे नाव राखावे, मूळ पाठ कोणता व भर कोणती हे वेगळे कळावे, ही शिस्त महाराष्ट्राला परदेशातून शिकावी लागलेली नाही. ऋषिऋणाची कल्पना तरी दुसरे काय सांगते? ज्ञान ज्यांच्याकडून घेतले, त्यांचे ऋण मान्य करावे आणि ज्ञान पुढे देऊन ते फेडावे.

आता आक्षेपाचाही विचार केला पाहिजे. हा सगळा खटाटोप मोठ्या कंपन्यांना परवडेल, छोट्यांनी वकील कोठून आणावेत, असे म्हटले जाते. त्यात तथ्य आहे. परंतु उपाय आवाक्याबाहेरचे नाहीत. आज्ञावली तपासून तीत कोणते परवाने आहेत हे शोधणारी फॉसॉलॉजी व स्कॅनकोड ही साधने स्वतः मुक्त स्रोत आहेत. घटकांची यादी कशी लिहावी याचे 'एसपीडीएक्स' हे मानक २०२१ साली, तर कंपनीतील कार्यपद्धती कशी असावी याचे 'ओपनचेन' हे मानक २०२० साली आंतरराष्ट्रीय मानक म्हणून स्वीकारले गेले. उरते ते शिस्तीचे काम. बाहेरून आलेल्या प्रत्येक भागाचे नाव, आवृत्ती, उगम आणि परवाना यांची नोंदवही ठेवावी. चिपविक्रेता आणि कंत्राटदार यांच्याकडून माल घेतानाच ही माहिती लेखी घ्यावी. ग्राहकाला जी आवृत्ती पाठवली, तिचीच मूळ आज्ञावली जपून ठेवावी. आपली आज्ञावली खुली करण्यापूर्वी परक्याचा प्रत्येक तुकडा तपासावा. शंका असेल तेथे मालकाला विचारावे, नाहीतर तो भाग नव्याने लिहावा. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साधनांकडून आज्ञावली लिहवून घेण्याचा प्रघात आता पडला आहे. अशा तुकड्याचा उगम सांगता येत नाही, म्हणून तेथे तर दुप्पट सावध राहावे.

एकट्याला जे जड, ते संघटितपणे सोपे होते. महागडी चाचणीयंत्रे प्रत्येकाला घेता येत नाहीत, म्हणून चिंचवडमध्ये ऑटो क्लस्टर उभे राहिले आणि छोट्या कारखान्यांना ती यंत्रे भाड्याने वापरता येऊ लागली. त्याच धर्तीवर परवाना-तपासणीची सामायिक सोय तेथे किंवा मराठा चेंबरच्या पुढाकाराने का होऊ नये? अभियांत्रिकी महाविद्यालयांनी विद्यार्थ्यांना आज्ञावली लिहिण्याबरोबर परवाना वाचावयासही शिकवावे. शेवटच्या वर्षाचा प्रकल्प सादर करताना उसन्या भागांची यादी जोडणे सक्तीचे केले, तरी पुढची पिढी आपोआप या शिस्तीत वाढेल. सरकारी पैशातून तयार होणाऱ्या प्रणालींनाही हाच दंडक असावा. केंद्र सरकारने २०१५ साली मुक्त स्रोताच्या स्वीकाराचे धोरण जाहीर केले आहे. स्वीकार करणाऱ्याने हिशेबही ठेवला पाहिजे.

चाकणच्या कोणत्याही चांगल्या कारखान्यात पोलादाची गज आली की तिचा हीट नंबर पाहतात, टेस्ट सर्टिफिकेट जुळवून घेतात आणि मगच ती यंत्रावर चढते. वर्षांनंतर एखादा बोल्ट तुटला, तर तो कोणत्या भट्टीतून आला हे सांगता येते. ही सवय एका दिवसात लागली नाही. माल परत येण्याचे कडू घोट गिळून ती लागली. आज्ञावलीच्या बाबतीत तेवढे घोट गिळण्याची वेळ येऊ द्यावयाची नसेल, तर पुढच्या मागणीची वाट न पाहता नोंदवहीचे पहिले पान आजच उघडले पाहिजे. जो घेतलेल्याची नोंद ठेवतो, त्यालाच आपण नवे काय घातले हे जगाला ताठ मानेने सांगता येते.